गाडीचं इंधन जातं कुठे? ॲव्हरेजबद्दल वाचकांचे प्रश्न

ॲव्हरेजवर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत गाडीचं वर्णन सविस्तर आहे, पण मोजमाप नाही. म्हणून मोजण्यापासूनच सुरुवात करू.

प्रश्न : गाडीच्या स्क्रीनवर लिटरला १८ किलोमीटर दिसतात. पंपाच्या पावत्या धरून हिशेब केला तर साडेसोळा येतात. खरं कोणतं मानायचं?

उत्तर : पावत्यांचं. स्क्रीनवरचा आकडा इंधन प्रत्यक्ष मोजून येत नाही. इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले, यावरून गाडीचा कॉम्प्युटर अंदाज बांधतो आणि तो अंदाज बहुधा थोडा जास्तच दाखवतो. पाच-दहा टक्क्यांचा फरक नेहमीचा आहे. त्याच रस्त्यावर कालच्यापेक्षा आज कमी पडलं की जास्त, हे बघायला स्क्रीन उत्तम. खरा आकडा मात्र टाकीवरूनच काढा.

पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल, तिथेच थांबा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी पावपर्यंत उतरू द्या. मग त्याच पंपावर, गाडी त्याच दिशेला उभी करून, पुन्हा पहिल्या ‘टक’पर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर, एवढंच गणित. नोझल दर वेळी अगदी त्याच पातळीला थांबत नाही, अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतं. दहा लिटर भरून हिशेब केलात तर एक लिटरची चूक दहा टक्क्यांची होते. ३५ लिटर भरलेत तर तीन टक्क्यांच्याही आत राहते. म्हणून लागोपाठ तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून भागाकार करा.

टाकी गळ्यापर्यंत भरून घेण्याची सवय असेल तर सोडा. जादा पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये उतरतं. तो एकदा भिजून खराब झाला, की ॲव्हरेजचं एक नवंच दुखणं मागे लागतं.

आणखी एक गोष्ट. शहरात १० आणि महामार्गावर २० मिळतात, म्हणजे सरासरी १५, असा हिशेब पुष्कळांनी पाठवला आहे. तो चुकीचा आहे. शहरात १०० किलोमीटरला १० लिटर गेले, महामार्गावर १०० ला ५ गेले. दोनशे किलोमीटरला पंधरा लिटर, म्हणजे लिटरला १३.३. ‘कंपनी सांगते तेवढं मिळत नाही’ या तक्रारींपैकी काहींचं मूळ या बेरजेत आहे. उरलेल्यांसाठी एवढं लक्षात असू द्या, की कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या तापमानाला आणि ठरलेल्या वेगक्रमाने काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो चांगला, तुमच्या रस्त्याचं भाकीत करायला नाही.

प्रश्न : पेट्रोल गाडी, सात वर्षं जुनी. महिन्याभरात ॲव्हरेज १५ वरून ११ वर आलं. गॅरेजमध्ये एअर फिल्टर आणि प्लग बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले. काहीच फरक नाही. आता काय बदलायचं?

उत्तर : आता काहीही बदलू नका, तपासा. ॲव्हरेज हळूहळू उतरलं तर बहुधा वापर बदललेला असतो. ते एकदम पडलं तर बहुधा कुठेतरी काहीतरी अडकलेलं, उघडं राहिलेलं किंवा खोटं बोलणारं असतं. आधी स्वतःलाच विचारा : रस्ता बदलला का, फेऱ्या छोट्या झाल्या का, नवे टायर बसवले का, छतावर कॅरिअर चढला का? यांतलं काही नसेल तर पुढच्या क्रमाने जा.

सगळ्यात आधी ब्रेक, कारण ही तपासणी फुकट आहे. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, शेवटी ब्रेक शक्य तितका कमी वापरून थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एका चाकाची धग इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकणाऱ्या पिना गंजलेल्या असतात, पिस्टनचं रबर फाटून आत पाणी गेलेलं असतं, किंवा मागच्या चाकांत हँडब्रेकची केबल परत येत नसते. खात्री करायची तर गाडी जॅकवर घेऊन, स्टँड लावून, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा. पॅड हलकेच घासल्याचा आवाज चालेल. हात काढताच चाक जागीच थांबलं तर दोष तिथे आहे.

दुसरं, इंजिनचं तापमान. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला तर इंजिन कधी पूर्ण तापत नाही. गाडी गरम होत नाही, म्हणून मालक खूशच असतो आणि हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. तापमान ८५ ते ९५ अंशांवर स्थिर व्हायला हवं. मोकळ्या रस्त्यावर ते ७० च्या आसपास घसरत असेल तर कॉम्प्युटर ‘इंजिन अजून थंड आहे’ असं समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. तो मुद्दाम मधोमध स्थिर राहील असा बनवलेला असतो. स्कॅनर लावून कूलंटचं तापमान अंकांत वाचा. कूलंटचा सेन्सर बिघडून कमी तापमान सांगत असेल तरी परिणाम तोच. रात्रभर उभ्या गाडीत, सकाळी इंजिन चालू करण्याआधी, हा सेन्सर आणि आत येणाऱ्या हवेचा सेन्सर जवळजवळ सारखं तापमान दाखवायला हवेत. फरक मोठा असेल तर दोघांपैकी एक खोटं सांगतोय.

तिसरं, त्याच स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ बघायला सांगा. हे न बघता पार्ट बदलणं म्हणजे ताप न मोजता औषध देणं. पेट्रोल इंजिनला साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने, असं मिश्रण लागतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर जळून आलेला धूर तपासतो आणि कॉम्प्युटर त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. या दुरुस्तीची टक्केवारी म्हणजे ट्रिम. लाँग टर्म ट्रिम, म्हणजे बराच काळ टिकून राहिलेली दुरुस्ती, उणे पाच ते अधिक पाचमध्ये असेल तर ठीक. उणे दहाच्या खाली गेला असेल तर कुठून तरी नको असलेलं पेट्रोल येतंय : गळणारा इंजेक्टर, वाढलेला फ्युएल प्रेशर, किंवा कॅनिस्टरमधल्या वाफा इंजिनात सोडणारा, पण उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह.

अधिक पंधरा-वीस दिसला की बरेच मेकॅनिक ‘पेट्रोल जास्त पितेय’ असा निष्कर्ष काढतात. तिथे जरा थांबा. बाहेरची हवा गळतीतून आत शिरत असेल किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, तर कॉम्प्युटर फक्त मिश्रण पुन्हा योग्य जागी आणत असतो; खर्च फारसा वाढत नाही. मात्र ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीक भेग असेल तर तिथून हवा ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि कॉम्प्युटर कारण नसताना पेट्रोल वाढवतो. म्हातारा झालेला सेन्सरही असंच करू शकतो. तेव्हा ट्रिम अधिक आणि प्लगवर कोरडी काळी काजळी, ही जोडी दिसली तर एक्झॉस्टची गळती आणि ऑक्सिजन सेन्सर, याच क्रमाने बघा.

एवढं करूनही दोष सापडला नाही तर क्लच. वरच्या गिअरमध्ये, चढावर, जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनचे फेरे वाढतात पण गाडी तेवढी पळत नाही, असं होत असेल तर क्लच स्लिप होतोय. आणि उभ्या गाडीखाली किंवा मागच्या सीटजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर ही सगळी यादी बाजूला ठेवून आधी गळती शोधा.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरने ॲव्हरेज खरंच पडायचं. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर पेट्रोलही त्याच मापात कमी सोडलं जातं. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांतही हेच दिसलं : पिकअप घटला, ॲव्हरेजवर लक्षात येण्याजोगा परिणाम झाला नाही. फिल्टर वेळेवर बदला, पण इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून.

प्रश्न : टायरमध्ये हवा जरा जास्त ठेवली तर ॲव्हरेज वाढतं का?

उत्तर : कमी हवेने पडतं, हे नक्की. चारही टायरांत एकेक पीएसआय कमी असेल तर खर्च साधारण ०.२ टक्के वाढतो. म्हणजे आठ पीएसआय कमी असतील तर दीड टक्का. आकडा लहान वाटेल, पण मऊ टायर वळणावर आणि ब्रेकला दगा देतो, तापतो आणि दोन्ही कडांनी झिजतो. या कारणांसाठी हवा तपासा, वाचलेलं इंधन वरकड समजा. सांगितल्यापेक्षा जास्त भरू नका : पकड कमी होते आणि टायर मधूनच झिजतो.

योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूला छापलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते, ती भरायची नसते. हवा थंड टायरमध्येच मोजायची, गाडी दोन-तीन किलोमीटरहून जास्त चाललेली नसताना. तापलेल्या टायरमध्ये आकडा तीन-चार पीएसआयने चढलेला असतो. तो बघून हवा सोडली तर सकाळी टायर कमीच भरतो.

प्रश्न : महामार्गावर १२० ऐवजी ८० ने गेलं तर खरंच इतका फरक पडतो? वेळ वाया जातो तो वेगळाच.

उत्तर : पडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. मध्यम आकाराची, बाराशे किलोची गाडी धरा. टायरांचा विरोध साधारण १३० न्यूटन, आणि तो वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा विरोध ८० ला सुमारे २००, १०० ला सव्वातीनशे, १२० ला साडेचारशेच्या पुढे. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला गाडी ढकलायला लागणारा एकूण जोर ८० वरून १२० वर जाताना जवळपास पावणेदोनपट होतो. इंधन तेवढ्या पटीने वाढत नाही, कारण जास्त भाराखाली पेट्रोल इंजिन जास्त कार्यक्षम चालतं. तरी तीस-चाळीस टक्के वाढ सहज दिसते.

वेळेचंही बघा. शंभर किलोमीटरला ८० ने ७५ मिनिटं, १०० ने ६०, १२० ने ५०. शेवटच्या दहा मिनिटांसाठी सगळ्यात महागडं इंधन जळतं. रस्त्याची मर्यादा आणि वाहतूक पाहून ८० ते ९५ च्या पट्ट्यात वरच्या गिअरला स्थिर चालणं, हा बहुतेक गाड्यांसाठी चांगला सौदा आहे.

छतावरचा कॅरिअर याच हिशेबात येतो. रिकामाही तो हवेला अडवतोच, आणि मोठा बॉक्स असेल तर महामार्गावरचा खर्च दहा टक्क्यांहून जास्त वाढू शकतो. प्रवास झाला की काढून ठेवा. डिकीतल्या सामानाची मात्र लोक उगीच जास्त काळजी करतात. साधारण ४५ किलो वजनामागे एक टक्का, तोही बराचसा थांबत-निघत चालताना.

प्रश्न : शहरात सिग्नल आणि गर्दी आपल्या हातात नाही. मग चालवण्याच्या पद्धतीने काय साधणार?

उत्तर : बरंच. ब्रेक दाबला की आधी जाळलेल्या इंधनाची उष्णता होऊन डिस्कवाटे निघून जाते. बाराशे किलोची गाडी ताशी ६० ला असताना तिच्यात सुमारे १६७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा साधारण पाव भाग चाकांपर्यंत पोचवतं असं धरलं, तर ती ऊर्जा द्यायला २० मिलिलिटर पेट्रोल लागतं. साठवरून थांबायचं आणि पुन्हा साठवर जायचं, असं पन्नास वेळा केलं की एक लिटर नुसतं ब्रेकमध्ये गेलं. वेग ३० असेल तर दर वेळी फक्त ५ मिलिलिटर. तेव्हा पुढचा सिग्नल लाल दिसतोय, तर त्याच्याकडे साठने धावत जाण्यात काहीच मिळत नाही. पाय लवकर उचला. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात. सिग्नल हिरवा होईपर्यंत गाडी हळूहळू सरकत राहिली, तर पंधराच्या वेगावरून उचलणं शून्यावरून उचलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

निघताना अति हळू निघण्याचीही गरज नाही, आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही. अर्धवट दाबलेल्या ॲक्सिलरेटरला पेट्रोल इंजिनची बरीच शक्ती अरुंद वाटेतून हवा ओढण्यात जाते. मध्यम जोराने वेग घ्या आणि गिअर लवकर वर टाका : पेट्रोलला मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांना, डिझेलला १५०० ते २००० ला. दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणं सगळ्यात वाईट. उलट टोकही नको. वरच्या गिअरमध्ये हजार-बाराशे फेऱ्यांवर इंजिन थरथरत असेल तर गिअर खाली घ्या.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर तासाला अर्धा ते एक लिटर जातं, एसीसह आणखी. इंजिन नव्याने चालू करायला साधारण दहा सेकंदांच्या आयडलिंगइतकंच इंधन लागतं. मोठा सिग्नल असेल तर बंद करा.

प्रश्न : घाटात उतरताना न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं ना?

उत्तर : नाही, आणि कृपा करून असं करू नका. गिअरमध्ये उतरताना इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं आणि इंधन शून्य लागतं. न्यूट्रलमध्ये त्याला स्वतःला चालू राहायला इंधन जाळावंच लागतं. शिवाय इंजिनचा ब्रेक गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक ऑइल उकळून पेडल मऊ पडतं आणि गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा.

प्रश्न : एसी की उघड्या खिडक्या?

उत्तर : ताशी साठपर्यंत खिडक्या, ऐंशीच्या पुढे एसी, असं ढोबळ धोरण ठेवा. वेगात उघड्या खिडक्या हवेचा विरोध वाढवतात. गर्दीत उलट होतं : गाडी चालवायला मुळातच कमी शक्ती लागत असते, त्यामुळे कॉम्प्रेसरचा एक-दोन किलोवॅटचा भार टक्केवारीत मोठा दिसतो. उन्हात उभ्या गाडीचे दरवाजे मिनिटभर उघडून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा, आतली हवा थंड झाली की हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबा.

प्रश्न : रोजची फेरी दीड-दोन किलोमीटरची. निघण्याआधी पाच मिनिटं इंजिन तापवतो, तरी ॲव्हरेज नऊच्या वर जात नाही.

उत्तर : तापवतो म्हणूनच जात नाही. त्या पाच मिनिटांत गाडी एक मीटरही हलत नाही, आणि आयडलिंगला इंजिन तापतंही फार सावकाश. अर्धा मिनिट पुरे. ऑइल प्रेशरचा दिवा विझला, फेरे जरा उतरले, की निघा आणि पहिली काही मिनिटं हळुवार चालवा.

थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून कॉम्प्युटर मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवतो. कूलंट पाच-सात मिनिटांत तापतो, ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. तुमची फेरी त्याआधीच संपते. गाडीत दोष नाही, वापरच तसा आहे. तीन कामं एका फेरीत उरकली तर इंजिन एकदाच थंड सुरू होईल. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच ठेवा. जिथे ५डब्ल्यू-३० सांगितलं आहे तिथे ‘इंजिन शांत चालतं’ म्हणून २०डब्ल्यू-५० हे जास्त घट्ट ऑइल टाकणं अशा वापरात जास्तच नडतं.

प्रश्न : इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने आणि महागड्या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने किती फरक पडतो?

उत्तर : इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे १० टक्के मिश्रणात लिटरमागे सुमारे तीन टक्के आणि २० टक्क्यांत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. ज्या इंजिनाची रचना या मिश्रणासाठी आहे, ते वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा घेऊन यातला थोडा भाग भरून काढू शकतं.

ऑक्टेन म्हणजे ऊर्जा नव्हे. इंधन दाबाखाली आपोआप पेटू नये, याची ती क्षमता. पुस्तिकेत जास्त ऑक्टेन सांगितलं असेल तर तेच घाला. सांगितलं नसेल तर जादा पैशांचं ॲव्हरेजमध्ये काही परत येत नाही. इंधनाच्या नळीला लावायची चुंबकं आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांबद्दलही पत्रं आली आहेत. ती घेऊ नका. धडधाकट इंजिनात इंधन ९८ टक्क्यांहून जास्त जळतंच. तोटा होतो तो उष्णतेच्या रूपाने, आणि त्यावर चुंबकाचा इलाज नाही.

प्रश्न : डिझेल गाडी, फक्त शहरात. मधूनच एखाद्या दिवशी ॲव्हरेज कोसळतं, दुसऱ्या दिवशी ठीक. ऑइलची पातळीही वाढल्यासारखी वाटते. असं कसं होईल?

उत्तर : दोन्हींचं कारण एकच, धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर. तो भरत आला की कॉम्प्युटर सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडून एक्झॉस्टचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. त्या दहा-वीस मिनिटांत ॲव्हरेज पडणारच. शहरात मधेच गाडी बंद होते, काम अर्धवट राहतं, पुढच्या फेरीत पुन्हा सुरू होतं. जादा डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतो, म्हणून पातळी वाढते.

आयडलिंगचे फेरे थोडे वाढलेले, ऑटो स्टॉप काम करत नाही, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरतोय, या त्याच्या खुणा. त्या दिसल्या तर इंजिन बंद न करता मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं, २००० फेऱ्यांच्या आसपास ठेवून चालवा. हे चक्र साधारण काही शे किलोमीटरनी यायला हवं. शंभर-दीडशेलाच येत असेल तर फिल्टरचा प्रेशर सेन्सर, इंजेक्टर आणि ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) तपासून घ्या. फिल्टर राखेने भरला असेल तर जाळून उपयोग नाही, कारण राख जळत नाही. ती ऑइलमधून येते, म्हणून अशा गाडीला पुस्तिकेत सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच लागतं. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. पातळ झालेलं ऑइल टर्बोची बेअरिंग खातं. ऑइल आणि त्याचा फिल्टर याच आठवड्यात बदला.